कोणाचा रं तू?

(वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं)

सलाम मंडळी. ह्या महिन्यात पाकिटं दोनच आली, बाकी सगळं व्हॉट्सअ‍ॅप, त्यातला एक व्हॉइस मेसेज तर सहा मिनिटांचा, तो थांबवून थांबवून लिहून घेता घेता चहा दोनदा गार झाला. शाळेत जन्म गेला, पेपर तपासायची सवय आहे मला, पण पोरं बोलतात त्यात फुलस्टॉपच नसतो. असो. चार पत्रं घेतलीत. नावं छापत नाही आणि गाव फक्त जिल्ह्यापुरतं ठेवलंय, कारण आपल्याकडं दोन खुणा सांगितल्या की तिसरा माणूस थेट घराचं दार दाखवतो.

प्रश्न : सलाम बाई. मी जालना जिल्ह्यातल्या खेड्यातला, वय २६, पुण्यात आयटीत आहे. माझं नाव आडनाव दोन्ही अस्सल मराठी, आडनाव तर गावावरूनच पडलंय. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून आम्ही ख्रिस्ती. मागच्या डिसेंबरमधे सुट्टी मागितली तर टीम लीड म्हणला, अरे तू ख्रिश्चन? नाव तर आपल्यातलं वाटतंय, गोव्याचा का? दुसरा म्हणला, कन्व्हर्ट व्हायचे किती मिळाले रे. सगळे हसले आणि मी पण हसलो, त्याचंच जास्त वाईट वाटायलंय. रूममेट मला एका फेलोशिपला घेऊन गेला, सगळं इंग्लिशमधे, गिटार वगैरे, माणसं चांगली आहेत पण तिथले लीडर म्हणाले की जुनं नाव म्हणजे जुना मनुष्य (विश्वासात यायच्या आधीचा पापी मी), बायबलमधलं नाव घे. गावाकडं आलो की आम्ही 'मिशनवाले'. पुण्यात 'काय करायलास' म्हणलं की मुद्दाम परत म्हणायला लावतात. म्हणजे चर्चमधे मी गावंढळ, ऑफिसात मी परका आणि गावात पण अर्धाच. बाई, मी नेमका कोण?

उत्तर : बाळा, पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना मला आमच्या गावचा पार आठवला. अनोळखी पोरगं पारावरून चाललं की म्हातारे त्याला हटकायचे. काय विचारायचे आठवतंय का? 'कोण रं तू' असं कधीच नाही. 'कोणाचा रं तू?' असं विचारायचे. पोरानं बापाचं नाव सांगितलं की झालं, मग बस म्हणायचे, पाणी द्यायचे, तुझ्या आज्याला मी ओळखत होतो म्हणून अर्धा तास सोडायचे नाहीत. शिक्षण, पगार हे सगळं नंतर. तुझा 'मी कोण' हा प्रश्न आहे ना, तो शहरानं तुझ्या तोंडात घातलाय. बायबलमधला नवा करार पण त्या म्हाताऱ्यांसारखाच विचारतो.

विश्वास बसत नसेल तर उघडून बघ. 'ख्रिस्ती' हा शब्द अख्ख्या नव्या करारात तीनच वेळा आलाय. पहिल्यांदा प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात, अंत्युखिया शहरात, आणि तिथं सुद्धा शिष्यांनी स्वतःला तसं म्हणवून नाही घेतलं, दुसऱ्यांनी म्हणलं, म्हणजे तुझ्या गावच्या 'मिशनवाले' सारखंच ते. प्रेषित पौल मात्र पत्रा-पत्रातून जे घोळून घोळून लिहितो ते वेगळं आहे, 'ख्रिस्तामध्ये', ख्रिस्ताचे, त्याचे. लेबल कमी आणि नातं जास्त. मला हे कळायला साठी उलटावी लागली.

आता नावाचं. तुझ्या लीडरनं बहुतेक शौलाचा पौल झाला हे डोक्यात धरून सांगितलं असणार. संडेस्कूलला आम्ही पण असंच शिकवायचो, चूक आमचीच. पण दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर येशू त्याला भेटला तेव्हा त्याचं नाव बदललेलं नाहीये. तिथं प्रभू त्याला 'शौला, शौला' अशीच हाक मारतो, नंतर पण बरीच पानं तो शौलच आहे, आणि कृत्यांच्या १३ व्या अध्यायात लेखक नुसतं जाता जाता लिहितो की शौल, ज्याला पौल पण म्हणतात. दोन्ही नावं त्याची. घरात इब्री, बाहेर रोमी, जसं आपल्याकडं रजिस्टरवर एक असतं आणि घरात बाळ्या असतो. उलट नाव जबरदस्तीनं बदलल्याचं उदाहरण पाहिजे तर दानीएल बघ, बाबेलच्या (बॅबिलोनच्या) दरबारात त्याला बेल्टशस्सर केलं, ते काम देवाचं नव्हतं, राजाच्या खोजांच्या सरदाराचं होतं. शिमोनाला प्रभूनं स्वतः पेत्र म्हणलं हे खरं, पण ते ज्याचं त्यानं द्यायचं असतं, फेलोशिपच्या लीडरनं यादीतून काढून द्यायचं नाही. तुला मनापासून नवं नाव घ्यावं वाटलं तर घे, पाप नाही. पण जुन्या नावात जुना मनुष्य बसलेला नसतो, तो कुठं बसतो ते आपल्याला दोघांनाही माहितीये.

आणि खरं सांगू का, हे भांडण जुनंच आहे. अन्य लोक, म्हणजे यहूदी नसलेले, विश्वास ठेवायला लागले तेव्हा काहीजण म्हणले की आधी यहूदी व्हा, सुंता करा, मग ख्रिस्ताकडं या. यरुशलेमेत मोठी बैठक बसली, कृत्ये १५, आणि ठरलं की नाही, तसलं जोखड कोणाच्या मानेवर द्यायचं नाही. यहूदी व्हायची अट त्यांनी काढून टाकली तिथं इंग्लिश व्हायची अट कोण लावायलंय?

आपल्या मराठी मंडळींनी हे फार आधी सोडवून ठेवलंय पण आपण त्यांचं वाचत नाही. पंडिता रमाबाई १८८३ मधे इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतात. तिथल्या सिस्टर मंडळींच्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं. रमाबाईंचं म्हणणं, घालायचाच असला तर त्याच्यावर संस्कृत लिहा, आमच्या संस्कृतापेक्षा लॅटिनमधे काय जास्त आहे. परक्या मुलखात, त्यांच्याच घरात राहून, त्यांचंच अन्न खाऊन हे बोलायला काय छाती लागत असेल! ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि शेवटपर्यंत नारायण वामनच राहिले. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडं आलो असं ते सांगायचे. आजही आपल्या उपासनेत पेटी-तबल्यावर जी पदं म्हणतो त्यातली कितीतरी त्यांची आहेत. त्यांच्या बायकोचा, लक्ष्मीबाईंचा तर बाप्तिस्मा नवऱ्याच्या बरोबर झालाच नाही, मधे पाचेक वर्षं गेली, सोवळं-ओवळं एकेक करत सुटलं, आणि त्यांनी ते सगळं इतकं हसत लिहून ठेवलंय की वाचणाऱ्याला वाटतं आपल्याच चुलत्याच्या घरातली गोष्ट आहे.

तू जालन्याचा आहेस म्हणून सांगते, तुझ्या जिल्ह्यात बेथेल ही ख्रिस्ती वस्ती कोणी वसवली ठाऊक आहे का? नारायण शेषाद्री. १८४३ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला ब्राह्मण, ज्यानं पुढं आयुष्य इकडं निजामाच्या मुलखात, जास्त करून महारवाड्या-मांगवाड्यांतल्या माणसांत घातलं. त्याच्या धाकट्या भावाची, श्रीपतची गोष्ट तर कोणी सांगतच नाही. हा पण मिशनऱ्यांकडं राहिला होता, बापानं कोर्टात दावा लावला, कोर्टानं पोरगं बापाच्या ताब्यात दिलं, आणि मग मुंबईच्या ब्राह्मणांत वर्षभर वाद की ह्याला जातीत परत घ्यायचं का नाही. बाळशास्त्री जांभेकर शुद्धी करून परत घ्यायच्या बाजूनं उभे राहिले तर त्यांनाच लोकांनी धारेवर धरलं. एक पोरगं, आणि तो कोणाचा हे कोर्ट ठरवणार, शास्त्री ठरवणार, मिशन ठरवणार. त्याला कोणी विचारलं असेल का?

'किती मिळाले' चं उत्तर मला जरा नीट द्यायचंय. आपली लोकं ह्या प्रश्नावर एकतर चिडतात नाहीतर तुझ्यासारखी हसतात. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मग १८९९-१९०० चा, ज्याला छप्पनचा म्हणतात तो, ह्या काळात मिशननं अन्न दिलं, काम दिलं, पोरं सांभाळली, आणि लोक आले. खरं आहे ते, लपवायचं काय कारण? ज्याला विहिरीवर पाणी भरू देत नव्हते त्यानं भाकरी देणाऱ्याचा धर्म तपासून मग खायची होती का? येशूच्या मागं पण लोक भाकरीसाठीच गेले होते, योहान ६ मधे तो त्यांना तोंडावर सांगतो की तुम्ही पोट भरलं म्हणून मला शोधताय. पण सांगतो जेवू घातल्यानंतर, आधी नाही. पुढच्या वेळी टीम लीडला म्हण, पणजोबाला भाकर मिळाली, आज्याला शाळा मिळाली, मला आज तुझ्या शेजारची खुर्ची मिळाली, अजून काय पाहिजे. हसत म्हण, पण म्हण.

राहिली बोली. ती सोडू नकोस. पेत्र ओळखू आला तो बोलीवरनंच, येशूला धरून नेलं त्या रात्री मुख्य याजकाच्या वाड्यात शेकोटीपाशी लोक म्हणले तू त्यांच्यातलाच, तुझं बोलणं सांगतंय. गालीलकरांची बोली यरुशलेमवाल्यांना गावंढळ वाटायची, पुणं काय आजचं नाहीये. भ्याला बिचारा, येशूला ओळखतच नाही म्हणून शपथा घेतल्या. पण पन्नास दिवसांनी पेंटेकॉस्टच्या सणाला तोच उभा राहून बोलतो, लोक परत तेच म्हणतात की हे सगळे गालीलीच ना, आणि त्या दिवशी तीन हजार लोक बाप्तिस्मा घेतात. तोंड तेच, बोली तीच. आणि खुद्द आपला प्रभू कुठला? नासरेथचा. नासरेथमधून काय चांगलं निघणार हे एका शिष्यानंच म्हणलेलं आहे. मराठवाड्याबद्दल हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलंय त्याचा हिशोब नाही.

अजून एकच. २०२० च्या जानेवारीत धाराशिवला, तेव्हा उस्मानाबाद होतं, ९३ वं साहित्य संमेलन झालं आणि अध्यक्ष कोण तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. धर्मगुरू अध्यक्ष कसा म्हणून विरोध झाला, तब्येत पण बरी नव्हती, तरी आले. मराठीत सुबोध बायबल लिहिलेला माणूस मराठवाड्याच्या मातीत मराठीचा अध्यक्ष म्हणून उभा. मी मांडवात मागं बसले होते, शेजारच्या बाईनं विचारलं तुम्ही त्यांच्या का? मी म्हणलं हो, आणि तुमच्याही ना ते. ती जरा थांबली आणि मग तिनं मला शेंगदाण्याची चटणी-भाकर दिली. गोव्याचा का विचारणाऱ्याला हे पण सांग की इथल्या भाषेत फादर स्टीफन्सनी ख्रिस्ताचं ओवीबद्ध पुराण १६१६ मधे छापलंय, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधी. आपण कालचे नाहीत.

फेलोशिप सोडू नको. फक्त एकदा तिथं मराठीत प्रार्थना कर, मोठ्यानं. बघ कोण कोण 'आमेन' म्हणतंय, मला वाटतं तिथं अजून दोघं-तिघं आपल्याच भागातले गप्प बसलेले निघतील.

प्रश्न : बाई, मी लातूरला क्लासला आहे, नीटचा तिसरा अटेम्प्ट. डॅडी सेवाकार्यात आहेत, मंडळीत सगळ्यांना सांगून बसलेत की देवानं आमच्या पोराला डॉक्टर म्हणून नेमलंय. पहिल्या वेळी ३१२, दुसऱ्या वेळी ४०६, ह्या वेळी पण फार होईल असं वाटत नाही. रविवारी चर्चमधे पुढं बोलावून हात ठेवून प्रार्थना करतात तेव्हा मला तिथून पळून जावंसं वाटतं. वचन वाचतो तर वाटतं मी ढोंगी आहे. मार्क नाहीत तर मी कोणीच नाही असं सारखं डोक्यात येतं. (नाव छापू नका, डॅडी हे मासिक वाचतात.)

उत्तर : डॅडी वाचतात हे बरंच आहे. पहिलं महत्त्वाचं. 'मी कोणीच नाही' हे डोक्यात येतं तिथपर्यंत ठीक, पण त्याच्या पुढचं, जगून काय करायचं असलं काही यायला लागलं तर माझ्या उत्तराची वाट बघायची नाही, १४४१६ ला फोन लावायचा, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि रूममधल्या एकाला तरी सांगून ठेव. प्रार्थनेनं होईल म्हणून हे टाळू नको, ताप आल्यावर प्रार्थना पण करतो आणि गोळी पण घेतोच की आपण.

आता तुझं ३१२ आणि ४०६. गणित मला येतं, ९४ मार्क वाढलेत, ते तुला दिसलेच नाहीत कारण ७२० च्या खाली सगळं शून्य अशी तिथली मोजणी आहे. लातूर पॅटर्ननं गरिबाची पोरं डॉक्टर केली हे मी नाकारत नाही, माझ्याच दोन विद्यार्थिनी आज दवाखाने चालवतात, पण त्या पॅटर्नमधे पोराची किंमत निकालाच्या दिवशी ठरते आणि चर्चनं पण तोच पॅटर्न उचलला की पोरगं जाणार कुठं?

मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढ (हा मार्क वेगळा, घाबरू नको). येशू यार्देनेत बाप्तिस्मा घेऊन वर येतो आणि आकाशातून वाणी होते, तू माझा प्रिय पुत्र, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. कशाबद्दल संतुष्ट? अजून एक चमत्कार नाही, एक उपदेश नाही, एक शिष्य नाही. नासरेथात सुतारकाम करणारा तीसेक वर्षांचा माणूस. निकाल लागायच्या आधीच बाप संतुष्ट आहे! आणि लगेच पुढं रानात सैतान काय म्हणतो ते मत्तय ४ मधे बघ. 'तू देवाचा पुत्र असशील तर' ह्या धोंड्यांच्या भाकरी करून दाखव. असशील तर. म्हणजे आधी काहीतरी करून दाखव, मग तू पुत्र. बापानं जे फुकट दिलं तेच तो परीक्षा घेऊन द्यायला बघतोय. तुझ्या डोक्यातला आवाज ह्या दोघांपैकी कोणासारखा बोलतो ते तूच ठरव.

उधळ्या पुत्राचा दाखला तुझे डॅडी वर्षातून दोनदा तरी सांगत असतील, त्यातली एक बारीक गोष्ट सांगते. बापाचा पैसा उडवून कंगाल झालेलं पोरगं डुकरांपाशी बसून भाषण पाठ करतं, बाबा मी पाप केलं, मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला एका चाकरासारखं ठेवा. घरी येऊन भाषण सुरू पण करतं. पण चाकरासारखं ठेवा हे शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही, बाप त्याच्या आधीच झगा आणा, अंगठी आणा म्हणून ओरडायला लागतो. आणि थोरला? तो कधी घर सोडून गेला नाही, पण बापाला काय म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय. बघ, दोन्ही पोरं स्वतःला चाकरच समजत होती. एक लाजेनं, एक कष्टानं. घरात दोन लेकरं आणि बापाला लेकरू म्हणून वागणारं एक पण नाही. मला तो बाप लई एकटा वाटतो कधीकधी.

तुझ्या डॅडींसाठी दोन ओळी, ते वाचतायत म्हणून. भाऊ, पोरावर तुमचा जीव आहे, कळतंय. पण 'देवानं नेमलंय' हे आपण बोललो की पोराच्या नापास होण्यात देव पण नापास होतो, आणि एवढं ओझं १९-२० वर्षांच्या पाठीवर बरं नाही. पुढच्या रविवारी त्याला पुढं बोलावू नका. घरी बोलवा, मटण करा, आणि मार्कांचा विषय त्यानं काढल्याशिवाय काढू नका. तुम्हीच बाप्तिस्मा देताना म्हणता ना, पित्याच्या नावानं.

आणि तू, फॉर्म भरताना नर्सिंग, बीएस्सी, फार्मसी हे पण बघ. ते काही कमी दर्जाचं नसतं.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातला, वय ५४. आमच्या घरात दाखल्यावर एक धर्म आणि मंडळीच्या (चर्चच्या) रजिस्टरवर दुसरा असं आज्यापासून चालू आहे. मुलगी आता विचारतेय की पप्पा आपण कोण, खरं कोणतं लिहायचं? सवलत सोडली तर शिक्षण सुटतं, नाही सोडली तर मन खातं. तुम्ही काय सांगाल?

उत्तर : भाऊ, हा प्रश्न विचारायला तुम्ही धीर केला, हजार घरांत हा प्रश्न कपाटात कुलूप लावून ठेवलाय. कायद्याचं आधी सांगते. १९५० चा जो राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश आहे त्यात सुरुवातीला मुख्यतः हिंदूच होते, १९५६ ला सगळे शीख आले, १९९० ला बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. २०२२ मधे माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग ह्याच प्रश्नासाठी नेमला गेला. म्हणजे बाप्तिस्मा घेतला की अस्पृश्यता गेली असं कागद म्हणतो आणि गावातल्या विहिरीनं ते कधी वाचलेलंच नाही. हा अन्याय आहे असं माझं मत, स्पष्ट.

पण अन्याय आहे म्हणून खोटं लिहा असं मी नाही सांगणार, आणि ज्यांनी पोरांच्या पोटासाठी लिहिलं त्यांना दगड पण नाही मारणार, आमच्या नात्यात पण आहेत. आणि आत बघायचं तर चर्चनं तरी जात कुठं सोडलीये? लग्नाच्या वेळी कोणाची सोयरीक कोणात हे बघतोच ना आपण, मग गलतीकरांच्या पत्रातलं (अध्याय ३) यहूदी नाही हेल्लेणी (ग्रीक) नाही हे भिंतीवर रंगवून काय उपयोग. तुमच्या मुलीला सगळा इतिहास खरा सांगा, पणजोबाचं नाव, वस्तीचं नाव, बाप्तिस्म्याचं वर्ष, सगळं. पौल बघा, फिलिप्पै ३ मधे आपला अख्खा दाखला वाचून दाखवतो, बन्यामिनाच्या वंशाचा, आठव्या दिवशी सुंता झालेला, परूशी, आणि मग म्हणतो हे सगळं मी केरकचरा मानतो. पण तोच माणूस शिपाई चाबूक उगारतात तेव्हा मी रोमी नागरिक आहे हे पण ठणकावून सांगतो. खऱ्या कागदाचा हक्क मागायला त्याला लाज वाटली नाही. फॉर्म भरायच्या आधी चांगल्या वकिलाला भेटा, पाळकसाहेबांना नको, त्यांना सेवा करू द्या. आणि काय लिहायचं ते मुलीला ठरवू द्या, ती अठराची झालीये ना?

प्रश्न : सलाम. लग्न होऊन मी लातूर जिल्ह्यात आले. शेजारी येळवशीला शेतात जेवायला बोलावतात. मंडळीतल्या बायका म्हणतात गेलं तर तुझी ओळख काय राहिली. नाही गेलं तर शेजारीण रुसते, तिनंच माझ्या बाळंतपणात केलंय सगळं. जाऊ का नको?

उत्तर : जालना-संभाजीनगरकडच्या वाचकांना सांगते, येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावं रिकामी पडतात, सगळे शेतात, कडब्याची कोप (खोपटं) करतात, पूजा होते, आणि मग अंबील, भज्जी, उंडे, खीर. आमचा नाताळ आणि ती कधीकधी आठवड्याच्या अंतरानं येते त्यामुळं पोटाचे हाल असतात.

बाई, करिंथला हाच प्रश्न आलेला. १ करिंथ १० मधे पौल सांगतो, कोणी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, ताटात येईल ते चौकशी न करता खा. मात्र तिथं कोणी तुला मुद्दाम सांगितलं की हे नैवेद्याचं आहे, तर त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नको. म्हणजे पूजेत हात जोडायचे नाहीत आणि पंगतीत हात आखडायचे नाहीत, एवढंच. तुझ्या शेजारणीला हे सरळ सांग, ताई मी कोपीपाशी पूजेला नाही येणार, जेवायला येते. तिला वाईट नाही वाटणार, खेड्यातल्या माणसाला दुसऱ्याचं व्रत समजतं, तिच्याकडंही उपासाला काय चालतं काय नाही हे असतंच की. मंडळीतल्या बायकांना विचार, बाळंतपणात त्यातली कोण आली होती. नको, हे नको विचारू, भांडण लागेल, मी माझ्यापुरतं म्हणलं.

तुझी ओळख अंबिलीत बुडत नाही गं. बायबलमधली रूथ परकी होती, मवाबी होती, शेताचा मालक बवाज, त्यानं तिला पंगतीत बसवून हुरडा दिला, पोट भरून उरला तो तिनं सासूसाठी घरी नेला. तू पण भज्जीचा डबा भरून आण आणि नाताळला करंज्या-चिवड्याचं ताट आधी तिच्याकडं पाठव. भज्जीत ह्या वर्षी हरभऱ्याचा पाला जास्त घालतात का चिंच, ते तेवढं मला कळव, इकडं कोणाला जमत नाही.